बंद फोनवरचं बोलणं

आमच्या बहरीनमधल्या, मुहर्रकच्या फ्लॅटमध्ये सिनेमाचं शूटिंग झालं म्हटलं की लोकांचे डोळे चमकतात. माझे तेव्हाही चमकले नव्हते. सित्राहून कंपनीच्या बसने घामाघूम होऊन घरी यावं, तर दारात वायरींचा गुंता. आवाजात घरघर येते म्हणून एसी बंद. फ्रिजसुद्धा बंद, आणि तोही ऑगस्टमध्ये! त्यात एअरपोर्ट शेजारी. विमान गेलं की सगळे जागच्या जागी थांबणार, मग पुन्हा पहिल्यापासून. मी आपला जिन्यात बूट काढून बसायचो आणि ओरडून विचारायचो, "खलास?" आतून उत्तर यायचं, "इंशाल्ला." डोंबलाचं इंशाल्ला! एकदा फ्रिज परत चालू करायला विसरले आणि आठवड्याची सुरमई कचऱ्यात गेली.

दिग्दर्शिका खालच्या मजल्यावरची बहरीनी मुलगी. माझ्या बायकोला ती 'खालती' म्हणायची, म्हणजे अरबीत मावशी. त्यामुळे नाही म्हणायची सोयच नव्हती. सिनेमात परमुलखातून आलेली एक बाई खिडकीशी उभी राहून आईशी फोनवर बोलते, असा एक प्रसंग होता. तो तिने बायकोलाच करायला लावला. "खालती, तुझ्या भाषेत काहीही बोल. कुणाला कळणार नाही. मला फक्त आवाज हवाय." मी तेव्हाही जिन्यातच होतो, आणि दार लावलेलं होतं.

पुढच्या वर्षी कळलं की देशातर्फे मोठ्या आंतरराष्ट्रीय पुरस्काराला हाच सिनेमा जाणार. एवढासा देश, इथे सिनेमे निघतात तरी किती! मुलगी हलव्याचा डबा घेऊन नाचत वर आली, आणि मागोमाग काम. परदेशी परीक्षकांसाठी प्रत्येक वाक्याखाली इंग्रजी हवं होतं. "अंकल, खालतीचं तेवढं तुम्ही लिहून द्या."

"राहू दे हो," बायको घाईघाईने म्हणाली. "काहीतरी बडबडले होते मी." मला वाटलं, लाजली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, स्टोअरमध्ये खोक्यावर बसून मी मुलीने पाठवलेला तो प्रसंग लावला आणि कानाला हेडफोन. माझा करार संपत आला होता. आणखी दोन वर्षं राहणार का, म्हणून ऑफिस मागे लागलं होतं. अंगात त्राण नव्हतं, पण मी हो म्हणणार होतो. तिला इथलं घर आवडतं, मैत्रिणी आवडतात, हे मी धरूनच चाललो होतो.

"आई," ती बोलत होती, "तुझं बरं आहे गं. तुला दमले म्हणता येतं. हे बसमधून उतरतात ना, मी खिडकीतून बघते. बघवत नाही. माझ्यासाठी राहिलेत इथे. मला इथेच आवडतं असं वाटतं त्यांना. परत जाऊ या म्हटलं, तर एवढी वर्षं फुकट गेली असं वाटेल. म्हणून गप्प बसते. तू काही बोलू नकोस हं त्यांना."

तिच्या कानाशी धरलेला फोन बंद होता. तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

डबा तसाच राहिला. मनात आलं, पाऊसपाण्याचं काहीतरी लिहून द्यावं. त्या परीक्षकांना काय कळणार आहे? पण माझा हात धजला नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं जसंच्या तसं लिहिलं.

सिनेमा पहिल्याच चाळणीत गळला, पण ते नंतर. त्याआधी इथे एका दुपारी खास खेळ ठेवला होता. मोठ्या पडद्यावर माझी बायको खिडकीशी उभी होती, आणि खाली माझं इंग्रजी. शेजारच्या खुर्चीत ती सावकाश एकेक ओळ वाचत होती.

"तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"सगळं?"

"सगळं. ऑफिसलाही नाही म्हणून सांगितलंय. आपण परत जातोय."

"मला न विचारता?" तिचा आवाज चढला. पुढच्या रांगेतल्यांनी वळून बघितलं.

"विचारणार कसं? मला काही कळू द्यायचं नाही, असं तूच आईला बजावलं होतंस."

ती तोंडाला ओढणी लावून रडायला लागली. मलाही आवरेना. पडद्यावरचा प्रसंग केव्हाच पुढे गेला होता. बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं.

"खलास ना मग?" ती म्हणाली.

"खलास," मी म्हटलं.