प्रयागबाई मीठ पाहायला गेल्या

गेल्या फाल्गुनात आमच्या गल्लीत बातमी पसरली की धंतोलीच्या डॉक्टरनं प्रयागबाईंचं मीठ कायमचं बंद केलं. पुरावा भक्कम होता. सकाळीच बाई पिशवी घेऊन ऑटोत बसल्या आणि म्हणाल्या, "धंतोलीवरून घे." आणि त्या दवाखान्यांच्या वस्तीत धडधाकट माणूस जातो कशाला? दुपारपर्यंत त्यांचा बीपी वाढला, संध्याकाळी किडनी बिघडली. बातमीत किडनी कोणी घातली ते मी सांगणार नाही.

खरं अगदी उलटं होतं. ऑटो धंतोलीवरून सरळ स्टेशनला गेला होता, आणि प्रयागबाई मीठ सोडायला नव्हे, मीठ पाहायला निघाल्या होत्या. त्यांची मुलगी भावना पेणला राहते. तिथून खाडीकाठची मिठागरं जवळ.

आता साठी ओलांडलेल्या बाईला ही हौस काहून, ते सांगतो. आमच्याकडे आंब्याचं लोणचं घरोघरी होतं, पण मीठ एकच हात घालतो. फोडी कोणीही कापाव्या, मोहरी कोणीही कुटावी, मिठाची वेळ आली की प्रयागबाईंना हाक जाते. त्या आपला पितळी गिलास घेऊन येतात, फोडींकडे एकदा बघतात आणि ओततात. मध्ये कोणी बोललेलं चालत नाही; मी एकदा बोललो होतो, तर मला अंगणाबाहेर उभं केलं. एवढ्या वर्षांत एकाही बरणीला बुरशी नाही. आणि मागच्या वर्षी सगळ्याच बरण्यांना आली. पांढरी, मऊ, मांजराच्या पिल्लासारखी. तोंडावर कोणी काही म्हटलं नाही. पण कुसुमताई नळावर बोलल्या, "हात गेला वं बाईचा," आणि ते वाक्य पाण्याच्या गुंडीआधी प्रयागबाईंच्या घरी पोचलं. त्यानंतर बाई ओट्यावर बसेनाशा झाल्या. यंदा आंबे आल्यावर आपल्याला हाक येणार की नाही, एवढीच एक गोष्ट त्यांच्या डोक्यात. हात गेला की मीठच बिघडलं, ते मीठ जिथं तयार होतं तिथंच जाऊन बघायचं त्यांनी ठरवलं.

पुढचं भावनानं सांगितलं, आणि ती आईसारखी मोजकं बोलणारी नाही.

मिठागरात देवकी नावाची बाई वाफ्यात तयार झालेलं मीठ फळीनं काठाला ओढत होती. भरतीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात तापवायचं, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सोडत घट्ट करायचं, आणि त्याच्याही आधी वाफ्याचा चिखल पायांनी तुडवून फरशीसारखा करायचा, म्हणजे मिठाला माती लागत नाही. प्रयागबाई तिच्या टाचांकडे बघतच राहिल्या.

"यंदा पीक बरं आहे," देवकी म्हणाली.

"कोनतं पीक वं?" आजूबाजूला हिरवं पान नव्हतं.

"हेच की. मीठ."

"आन् पानी आलं तं?"

"पाऊस आला तर गेलं पीक."

पाऊस नको म्हणणारं शेत! सावनेरकडे कापसाची पऱ्हाटी निंदण्यात अर्धं आयुष्य घालवलेल्या बाईला हे पटायला वेळ लागला. पटलं तेव्हा मात्र त्यांनी आभाळाकडे एकदा दरडावून पाहिलं.

मग देवकीनं कौतुकानं मूठभर नवं मीठ पुढे केलं, आणि प्रयागबाईंनी विंचू दिसल्यासारखा हात मागे घेतला.

"हातावर नोको देऊ वं माय. भांडन होते."

"अगो बाई! मग आमची इथं रोज डोकी फुटायला हवीत." देवकी पोट धरून हसली. "बरं, टोपलीत घ्या."

तिनं टोपलीभर खडे मीठ दिलं. बाईंनी ते कमरेवर घेतलं. देवकीला गंमत वाटली, म्हणून शेजारच्या वाफ्यातलं, लवकर ओढलेलं बारीक मीठ त्याच मापाच्या टोपलीत भरून दिलं. ते उचलताना बाई वाकल्या.

"हे जड काहून?"

"खडा मोठा की मध्ये पोकळी राहते. बारीक मीठ दाटून बसतं."

प्रयागबाई टोपली उतरवून बांधावर बसल्या. जन्मभर त्यांनी बारीक मीठ घातलं होतं. मागच्या वर्षी बाजारात समुद्राचं खडे मीठ दिसलं, चांगलं म्हणून हौसेनं आणलं आणि मोजलं त्याच गिलासानं. गिलास भरलेला दिसला, मीठ कमी पडलं.

दुसरी कोणी असती तर मिळेल त्या गाडीनं परतली असती. ही बाई आणखी आठवडाभर रोज सकाळी देवकीबरोबर वाफ्यात उतरली. तळव्यांना फोड आले तरी हटली नाही.

मे महिन्यात कुसुमताईंच्या अंगणात फोडी कापल्या गेल्या. हाक आली नाही. प्रयागबाई न बोलावता गेल्या. मी फाटकाशी, अर्थात सहज.

"मागच्या वर्षी बुरशी माह्या हातानं आली," त्या उभ्यानंच म्हणाल्या. "खडा मोठा होता, मी गिलास तोच ठेवला. हात गेला नाही कुसुम, माप चुकलं. यंदा घालू देतं का?"

कुसुमताईंनी परात पुढे सरकवली. प्रयागबाईंनी पेणहून आणलेलं खडे मीठ उन्हात वाळवलं, पाट्यावर बारीक केलं, तेव्हा कुठे गिलास भरला.

पोळ्यापर्यंत एकाही बरणीला डाग नाही. बाई पुन्हा ओट्यावर. मला राहवेना. म्हटलं, "मावशी, चूक तं घरच्या गिलासातच होती. त्यासाठी एवढ्या दूर समुद्रावर जायची काय गरज होती?"

त्या म्हणाल्या, "इथं बसून दुसऱ्याच्याच चुका दिसतात गा बाबू. आपली पाहाले दूर जा लागते."