मिस्त्रींना नाटक पाठ झालं

यंदा मंडईला नाटक बसवायचं नाही, असं मी पोळ्यालाच बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मागच्या सालीबी हेच म्हटलं होतं तुमी." तिचं बरोबर होतं. बावीस वर्षं मी गावचं नाटक बसवतो आहे आणि त्यातली निदान दहा तरी 'हे शेवटचं' म्हणत बसवली आहेत. शाळेतून निवृत्त झालो, पण नाटकातून कोणी निवृत्त करत नाही. गुडघे कुरकुरतात, खुर्चीवरून उठताना तोंडातून आपोआप 'आई गं' निघतं, आणि समोर पाच-सहा माणसं कुठून शिरायचं ते विसरून उभी असतात. विनोदी नाटक बसवणारा माणूस तालमीत कधी हसत नाही, हे लोकांना खरं वाटत नाही. एकच विनोद चाळीसदा ऐकून हसून दाखवा म्हणावं.

आमचं गाव अड्याळहून आत गेलेल्या रस्त्यावर. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते. लेकी-जावई येतात, दुकानं लागतात, आणि नाटक झाल्याशिवाय मंडई झाली असं कोणी मानत नाही. पूर्वी ते नाटक आमचंच असायचं. आता मंडळ रात्रीसाठी बाहेरून कंपनी आणतं आणि आम्हाला संध्याकाळचे दोन तास देतं, पाहुण्यांचा तेवढाच वेळ जावा म्हणून. तेही पुढच्या वर्षी मिळतील याची खात्री नव्हती. मंडळाचे अध्यक्ष मला रस्त्यात गाठून म्हणाले, "गुरुजी, लोकं हासले पायजेत. नाई हासले तं कायले करायचं?" हा माणूस माझ्या वर्गात कधी नव्हता, नाहीतर तिथेच कान धरला असता.

आमच्या नाटकात लोक हसतात म्हणजे मिस्त्रींना हसतात. स्टँडजवळ त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या जळालेल्या मोटारी येतात, मिस्त्री त्यातली जुनी तार काढून नवी तांब्याची तार भरतात. वय एकसष्ट. तीस वर्षं गावच्या नाटकातलं विनोदी काम त्यांचंच. ते नुसते विंगेतून बाहेर आले तरी बायका पदर तोंडाला लावतात. आणि या तीस वर्षांत त्यांनी एकही वाक्य पाठ केलेलं नव्हतं.

यात त्यांचा एकट्याचा दोष नाही. आमच्याकडे पाठ कोणीच करत नाही. विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टर बसतो, तो वाक्य बोलतो, नट ते उचलतो. आमचा प्रॉम्प्टर म्हणजे गावचा पोस्टमन. आयुष्यभर दारोदार नावं पुकारून त्याचा आवाज असा तयार झाला आहे, की पुढच्या रांगेतल्या माणसाला नाटक दोनदा ऐकायला मिळतं. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. मलाही नव्हतं. पण गेल्या वर्षी नागपूरच्या कुणा जावयानं मोबाइलवर नाटक टिपलं आणि ते सगळीकडे फिरलं. त्यात नटांचे नुसते ओठ हलत होते आणि आवाज येत होता पोस्टमनचा. खाली हसून हसून रडणारे चेहरे टाकले होते लोकांनी. मला ते फार लागलं. यंदा वहीचं पहिलं पान उघडायच्या आधीच मी जाहीर केलं, प्रॉम्प्टर बंद. ज्याचं त्यानं पाठ करायचं.

"काहून जी गुरुजी?" मिस्त्री म्हणाले. "मोटार विहिरीत सोडता अन् तारच तोडता का?"

सगळे हसले. मी नाही हसलो. मग मिस्त्रींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, सातवीत कविता पाठ झाली नाही म्हणून त्यांना आठवडाभर बाकावर उभं केलं होतं. तेव्हापासून पाठांतर म्हटलं की तो बाक आठवतो. मी दिवसभराचा दमलेलो होतो. म्हणालो, "जमत नसेल तर काम दुसऱ्याला देतो." हे वाक्य मी असं सहज बोलून गेलो. मिस्त्रींनी माझ्या हातातली वही घेतली. "देऊ नोका," म्हणाले, "करतो मी पाठ."

आणि त्या माणसानं खरंच केलं. दुकानात तारेचे वेढे मोजता मोजता संवाद म्हणायचे, त्यात वेढे चुकायचे, एकाची मोटार त्यांना दोनदा बांधून द्यावी लागली. हलका धान कापायला आला तेव्हा शेतातल्या बांधीत त्यांच्या बायकोच्या कमरेला वही खोचलेली असायची. ती एक ओळ विचारायची, हे पुढची सांगायचे. मला रस्त्यात भेटली तर म्हणाली, "झोपेतबी बोलून राह्यले जी. मले बी सारं पाठ झालं." सांगताना ती हसत होती, आणि तिला किती अभिमान वाटतो आहे ते लपत नव्हतं.

दसऱ्याच्या आधी एका रविवारी दुपारी मिस्त्री ग्रामपंचायतीच्या सभागृहात आले आणि वही माझ्यापुढे ठेवली. "घ्या जी तुमची वही." त्या दिवशी त्यांनी पहिल्या प्रवेशापासून शेवटपर्यंत सगळं म्हटलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घामानं डबडबलेले मिस्त्री शाळेत पहिला नंबर आलेल्या पोरासारखे उभे होते. "तीस सालात पहिल्यांदा, गुरुजी," म्हणाले. "यंदा लोकायच्या समोर सारं आपल्या तोंडानं म्हणीन. कोणाचं उसनं नाई."

टाळ्या थांबल्यावर माझ्या लक्षात आलं, की तेवढ्या वेळात कोणीही हसलं नव्हतं.

आधी वाटलं, आपल्याला सवयीचं झालं आहे. पण खिडकीतून बघायला आलेल्या बायकाही नुसत्याच बघत होत्या. नाटक मीच लिहिलेलं. दोन दिवसांसाठी लेकीकडे आलेला आणि जायचं नावच न घेणारा सासरा, हे मिस्त्रींचं काम. लेक विचारते, "बाबा, तुमी जाणार कवा?" सासरा म्हणतो, "उद्या सकाळीच निघतो… तळ्यावर आंघोळीले." जुन्या पद्धतीनं मिस्त्री 'निघतो'पाशी अडले असते. मान विंगेकडे वळली असती, भुवया वर गेल्या असत्या, पुढचं वाक्य काय येतं याची वाट बघत चेहरा अगदी निरागस झाला असता, आणि त्या चेहऱ्यावरच मंडपात हशा उसळला असता. आता ते सगळं एका दमात येत होतं, बसच्या पाटीवरची गावं वाचल्यासारखं. तीस वर्षं आम्ही ज्याला विनोद म्हणत होतो ते त्यांचं अडणं होतं. ते मीच बंद करून टाकलं होतं.

मग मी अक्कल पाजळायला लागलो. "इथे थांबा." "किती जी?" "मनात तीन मोजा." आयुष्यभर वेढे मोजणारा माणूस, त्यानं इमानदारीनं मोजले, आणि मोजताना ओठ हलायला लागले. विंगेकडे बघा म्हटलं तर बघायचे, पण पुढचं माहीत असलेल्या माणसासारखे. महिनाभर मी रोज संध्याकाळी त्याच बारा-चौदा जागा घोटल्या. घरी गेलो की ताट पुढे येण्याआधीच डोळा लागायचा. दिवाळीनंतर अध्यक्ष तालमीला आले, दहा मिनिटं बसले, मग फोन बघत उठून गेले. त्यांच्या पाठीकडे बघताना मला वाटलं, जाऊ दे, संपू दे एकदाचं. आणि तसं वाटल्याचीच जास्त भीती वाटली.

मंडईच्या दोन दिवस आधी मी लेकीचं काम करणाऱ्या ताईला घरी बोलावलं. ही आमच्या गावची आशा सेविका, दिवसभर घरोघर फिरून तालमीला येणारी. तिचे बारा प्रश्न मी बदलून दिले. नव्या प्रश्नांना सासऱ्यानं द्यायची उत्तरं पोस्टमनच्या वहीत लिहून दिली आणि त्याला पुन्हा विंगेत बसवायचं ठरवलं. मिस्त्रींना यातलं काही सांगायचं नाही.

ताईनं कागद वाचला. "त्यायले सांगा तं खरं, सर."

"सांगितलं की पाठ करतील."

"मंग करू द्या ना. किती मेहनत केली त्यायनं."

"आपलं नाटक टिकवायचं आहे की नाही?" मी आवाज चढवला. ती कागदाची घडी करून निघून गेली. पोस्टमन मात्र खूश होता.

मंडईच्या संध्याकाळी मंडप भरला. मिस्त्रींची बायको पुढच्या रांगेत, नव्या लुगड्यात. पहिला प्रवेश पाठ केल्याबरहुकूम गेला आणि लोक शेंगा खात, इकडेतिकडे बघत बसले. दुसऱ्या प्रवेशात ताईनं विचारलं, "बाबा, उद्याच्या डब्यात भाजी काय देऊ?"

हा प्रश्न नाटकात नव्हता. मिस्त्रींनी तोंड उघडलं, मिटलं. मान हळूहळू विंगेकडे वळली. भुवया वर गेल्या. मंडपातून आधी एक बाई हसली, मग रांगच्या रांग. पोस्टमन गरजला, "डबा कायले? मी दुपारी जेवायले येतोच!" मिस्त्रींनी ते उचललं, आणि शिट्ट्या पडल्या. तिथून पुढे दीड तास त्यांनी एकही पाठ वाक्य म्हटलं नाही. ताईच्या तोंडून काय येईल याचा भरवसाच उरला नव्हता. जुन्या प्रश्नांनाही ते थांबले, विंगेकडे बघत राहिले, आणि एवढं हसू मी बावीस वर्षांत ऐकलं नव्हतं. मी विंगेत खुर्चीवर बसून होतो. गुडघे दुखायचे थांबले होते.

नंतर अध्यक्षांनी मला मिठी मारली. "पुढच्या सालीबी तुमचंच, गुरुजी." मी मिस्त्रींना शोधलं. ते खोबरेल लावून तोंडाचा रंग पुसत होते. मी पाठीवर हात ठेवला. त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास दुकानावर गेलो. मिस्त्री एका मोटारीत तार भरत होते. दुकानाच्या मागेच त्यांचं घर.

"हासले ना लोकं?" त्यांनी विचारलं.

"हासले."

"मंग झालं तं." बराच वेळ नुसती तार फिरत राहिली. मग म्हणाले, "पन मले येत होतं, गुरुजी."

मी स्टूल ओढून बसलो.

"तुमी काय केलं ते समजलं मले. तिसऱ्या सवालालेच समजलं. त्याचं काही नाई. तुमाले नाटक वाचवायचं होतं. पन हे घरची पुढच्या रांगेत बसली होती ना. तिले काय माहीत? तिले वाटलं, मी सारं भुललो. माह्या पुढची ओळ ती खालून बोलून राह्यली होती, अन् मी तिकडे त्या पोस्टमनच्या तोंडाकडे पाहून राह्यलो होतो. सारा मंडप हासत होता जी, अन् ते एकटी रडत होती."

मला इतकी लाज वाटली की स्टुलावर बसवेना. माफ करा म्हणणं पोकळ वाटलं, तरी म्हटलं. ताईनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, हेही सांगितलं. त्यांनी तारेचं टोक कापलं. मग मी म्हणालो, "आत्ता म्हणा. सगळं. वहिनींना बोलवा."

"आता कायले?"

"मला ऐकायचं आहे."

ती आली, उंबऱ्यात बसली. मिस्त्रींनी हात पुसले, उभे राहिले, आणि सुरू केलं. लेकीचे जुने प्रश्नही त्यांनीच म्हटले. मोटार घेऊन आलेला एक शेतकरी मोटार खाली ठेवून दाराशीच थांबला. पहिला प्रवेश झाला, दुसरा झाला. तिसऱ्यात अर्ध्यावर, जावयाशी भांडणाच्या जागी, मिस्त्री एकदम अडले.

मान वळली. विंग नव्हती, म्हणून माझ्याकडे वळली. भुवया वर गेल्या. तोच चेहरा. हसू माझ्या घशाशी आलं, ते मी दातांखाली दाबलं. वाक्य मला येत होतं, मीच लिहिलेलं. उंबऱ्यात बसलेल्या त्यांच्या बायकोलाही येत होतं, तिनं तोंडावर पदर दाबून धरला होता. आम्ही दोघंही बोललो नाही. शेतकरी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिला. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग मिस्त्रींना ते वाक्य सापडलं, त्यांचं त्यांनाच, आणि ते पुढे म्हणत गेले.