सांत्वनाचा स्वाध्याय

बोंडअळीने कपाशी आतून पोखरली, त्या वर्षांत मी परदेशातील एका ईशज्ञान विद्यालयाचा, म्हणजे ख्रिस्ती पाळक घडविणाऱ्या शाळेचा, स्थानिक मार्गदर्शक होतो. शिक्षक समुद्रापलीकडे, विद्यार्थी केळापूर तालुक्यात आणि वर्ग माझ्या बैठकीत, संगणकाच्या पडद्यावर. मी निवृत्त शाळामास्तर. इंग्रजी येत होते आणि घरी इंटरनेट होते. माझी पात्रता एवढीच.

आरंभी विद्यार्थी अनेक होते. अखेरीस एक उरला. व्यवसायाने शिंपी. आपल्या गावातील मोजक्या ख्रिस्ती घरांची उपासना तो वर्षानुवर्षे चालवीत होता. परंतु दीक्षा नसल्यामुळे त्याला बाप्तिस्मा देता येत नसे, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारसही देता येत नसे. त्यासाठी दीक्षित पाळक बाहेरून यावा लागे, आणि तो हल्ली येईनासा झाला होता. चर्चच्या वरिष्ठांनी स्पष्ट सांगितले होते: अभ्यासक्रम पुरा झाला तर दीक्षा, नाही तर गावचे प्रार्थनागृह बंद, लोकांनी उपासनेसाठी तालुक्याच्या ठिकाणी, पांढरकवड्याला यावे. कापूस वेचणारी माणसे रविवारची मजुरी सोडून पांढरकवड्याला जाणार नव्हती. हे वरिष्ठांनाही ठाऊक होते.

शिक्षक बोलत आणि मी मराठीत सांगे. शिंपी मन लावून ऐके.

"गुरुजी, त्यायच्या चार वाक्याचं तुमी एकच सांगता. बाकीचे तीन कुठी गेले?"

"त्यांत काही नव्हते."

"मंग ते कायले बोलून राह्यले?"

हा प्रश्न मी भाषांतरित केला नाही.

शेवटचा स्वाध्याय सांत्वनाचा होता. शोकात असलेल्या घरी भेट द्यावी, घरच्यांच्या संमतीने ती ध्वनिमुद्रित करावी आणि जशी घडेल तशीच पाठवावी. त्याच आठवड्यात शिंप्याच्या गावात मयत झाली. त्याच्या ख्रिस्ती मंडळीतल्याच एका विधवेचा एकुलता मुलगा दुसऱ्याच्या कपाशीवर मजुरीने फवारणी करीत होता. वावरातच त्याला भोवळ आली. यवतमाळला नेले, तेथून तो जिवंत परतला नाही.

शिंपी तिच्याकडे बसायला गेला. दिराची संमती घेऊन त्याने मोबाइल चालू ठेवला आणि जसे घडले तसे पाठविले. पाठविण्यापूर्वी मी ते ऐकले. कोंबड्यांचा आवाज होता. बाज करकरली. कुणी तरी खोकले. कुणी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. शेवटी शिंप्याचा आवाज: "येतो, माय."

मला त्यात काही वावगे वाटले नाही. आमच्याकडे मयतीच्या घरी बसायला गेलेला माणूस आधी तोंड उघडीत नाही. घरचे बोलले तर बोलायचे. नाही बोलले तर उठायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसायचे. मी स्वाध्याय पाठवून दिला.

शिक्षकांचे उत्तर आले: ध्वनिमुद्रणात बिघाड दिसतो, बोलणे ऐकू येत नाही. मी रीत समजावून लिहिली. त्यांनी सौजन्याने कळविले की रीतीचा त्यांना आदर आहे. तथापि गुण बायबलमधील वचनाच्या विनियोगाला आहेत आणि येथे वचन उच्चारलेच गेलेले नाही. सत्र संपण्यापूर्वी दुसरे ध्वनिमुद्रण स्वीकारता येईल.

मी शिंप्याला म्हटले, "परत जा. या वेळी बोल."

"तिनं अजून तोंड नाई उघडलं, गुरुजी. रोज जाऊन बसून राह्यलो मी."

"मग इथे बस. मी शोक करणारा, तू पाळक. बोल माझ्याशी."

त्याने आत पाहिले. माझी पत्नी तांदूळ निवडीत होती.

"काकू तं धडधाकट आहेत. तुमच्या घरी मेलं कोण?"

"समज, कोणीतरी."

"खोट्या मयतीत खरं वचन कसं वाचू?"

आतून पत्नी म्हणाली, "मले मारून पास होत असन तं होऊ द्या."

तो हसला, परंतु तयार झाला नाही. मी आग्रह केला नाही. सत्र संपले.

निकाल आला, तेव्हा तो सांगायला मी त्याच्या गावी गेलो. दुकान बंद होते. तो तिच्या घरी सापडला. मयतीच्या घरी निकाल सांगता येत नाही. मीही त्याच्या शेजारी बसलो. ती भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात मुलाचा शर्ट घडी करून ठेवलेला.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "बोला आता, पाळकबाबा. कवाचे बसून राह्यले."

त्याने शर्टावर हात ठेवला आणि मुलाचे नाव घेऊन प्रार्थना केली. मग एक वचन म्हटले, सावकाश. मी पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत आणि त्यांहून पुष्कळ पडद्यावरून भाषांतरित केली आहेत. त्या दिवशी भाषांतर करताना गाळावे असे एक वाक्यही नव्हते. मोबाइल त्याच्या खिशात बंद होता.

ती रडली. मग पदराने तोंड पुसून तिने विचारले, "येत्या आयतवारी मले प्रभुभोजन द्यान काय? लेक गेल्यापासून भेटलं नाई."

त्याने माझ्याकडे पाहिले. मी नकारार्थी मान हलविली.

"पाहू, माय," तो म्हणाला.

तिला ते कळले. तिने शर्ट उचलून पदराखाली घेतला.

शिक्षकांनी पुढील सत्रासाठी शुभेच्छा पाठविल्या. ते सज्जन होते. त्याच हंगामात प्रार्थनागृहाला कुलूप लागले. सतरंज्या पांढरकवड्याला नेल्या. शिंप्याने शिलाईयंत्र विकले आणि तो हैदराबादला एका कपड्यांच्या कारखान्यात गेला. तेथे तो बाह्या जोडतो; केवळ बाह्या.

ती पांढरकवड्याला गेली नाही. मला दीक्षा नाही. देण्यासारखे माझ्याकडे काही नाही. रविवारी मी तिच्याकडे बसायला जातो. ती बोलत नाही. मी उठून येतो.