जन्मगावाचा रकाना

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांच्या धाकानं निजामाच्या मोगलाईतून पळून आलेली कुटुंबं आमच्या जामखेडकडच्या गावात मिळेल त्या आडोशाला राहिली होती. नगरहून एक डॉक्टरीणबाई आल्या. घर सोडून आलेली पोरं आणि गावातली पोरं यांच्या तब्येतीत काय फरक पडतो, हे त्यांना बघायचं होतं. त्या वजन करायच्या, मी तक्ता भरायची. मी शाळेत नवी मास्तरीण, आणि नसत्या चौकशा करायची मला भारी हौस.

आलेलं कोण, गावातलं कोण, हे ओळखायची युक्ती मीच काढली. पोराचा जन्म कुठला ते विचारायचं. दुधाची पावडर बेताचीच होती, म्हणून मोगलाईत जन्मलेल्यालाच रोज पेलाभर दूध.

आठवड्यानं तक्ते बघून डॉक्टरीणबाई चक्रावल्या. गावातली म्हणून लिहिलेली काही पोरं आलेल्यांपेक्षाही रोडावलेली होती. असं कसं? मला चैन पडेना. ती नावं वेगळी काढली, तर सगळी आपापल्या घरातली थोरली.

त्यातलीच एक आठ वर्षांची पोरगी धाकट्या भावाला दूध पाजायला रोज यायची आणि रांगेबाहेर उभी राहायची. तिच्या आईला गाठलं. ती म्हणाली, "पयलं बाळंतपन म्हायेरी, म्हनून ही हितं माझ्या आईच्या घरी जन्मली. आई आता न्हाई. पन पळून आली ती माझ्यासंगंच की, बाई."

अगं बाई! हे मला कुणी सांगायला हवं होतं? माझा जन्मही आजोळचाच, आणि ते मोगलाईतलं. माझ्या युक्तीनं मीसुद्धा पळून आलेली ठरत होते. स्वतःचा असा राग आला! आठ दिवस त्या पोरीच्या तोंडचं दूध मी अडवलं होतं.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. जन्माचा रकाना खोडून नवा प्रश्न घातला, गेल्या दिवाळीला कुठं राहत होता?

दुसऱ्या दिवशी पोरीला तिचा स्वतःचा पेला मिळाला. पण ती पिईना.

"आता मला कुठली लिवलं?"

"मोगलाईची."

"मंग आजीच्या घरची न्हाई?"

"तिथलीही आहेस," मी म्हटलं.

तिनं तक्त्यावर बोट ठेवलं. "मंग तेबी लिवा."

रकान्यात जागा नव्हती. मी समासात लिहिलं, तेव्हा कुठं तिनं पेला तोंडाला लावला.