तुमच्याच कढईत, बीजी

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. आमच्या ह्यांना नाही, लेकीला नाही. नातवंडांना माझे सगळे पराक्रम पाठ आहेत — शाळेत बाईंच्या छत्रीत बेडूक ठेवला तोसुद्धा. हा एक मात्र नाही. आज बदलापुरात, बेलवलीच्या या गॅलरीत बसून तुम्हाला सांगायला घेतलं, आणि बघा — अजून बेडकापाशीच रेंगाळते आहे.

तेव्हा आम्ही उल्हासनगरला, कॅम्प पाचला राहायचो. हे अंबरनाथला फॅक्टरीत कामाला. मी तेवीस वर्षांची. अक्कल त्याच्या निम्म्या वयाची, नाक मात्र दोघींना पुरेल एवढं. शेजारच्या खोलीत बीजी. सरदारीण, विधवा, मुलगा ट्रकवर, म्हणून बहुतेक एकट्याच. त्यांनी अमृत घेतलं होतं, म्हणजे शिखांची दीक्षा, आणि त्या दिवसापासून त्यांचा नेम — लोखंडाच्या भांड्यात शिजवायचं, लोखंडाच्याच भांड्यातून खायचं-प्यायचं. सरबलोह म्हणायच्या त्या. त्यांचा बाटा, म्हणजे जाड लोखंडी वाडगा, धुतल्याबरोबर पुसून त्यावर तेलाचं बोट फिरवायच्या.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी काय झालं, तर पहिल्याच आठवड्यात मी त्यांना स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं. त्यांनी हात जोडले, प्यायल्या नाहीत. आम्ही बौद्ध. माझ्या आजीच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे, हे ऐकत मी वाढले. मी ठरवून टाकलं — हिला माझ्या घरचं पाणी चालत नाही. विचारलं का? छे. विचारलं असतं तर रागवायला काय उरलं असतं? आणि आजीचं नाव इथे काढायला नको होतं. पुढचं आजीने नाही केलं.

त्याच वर्षी बीजी मोरीत घसरल्या. उजवा हात प्लॅस्टरमध्ये. गुरुद्वाऱ्यातल्या बायकांना रोज दोन वेळा येणं जमेना. मग एका सकाळी डाव्या काखेत कढई धरून त्या माझ्या दारात. खरं तर त्यांच्या नेमात शिजवणारा हातही अमृत घेतलेल्याचाच लागतो. ती अट त्यांनी माझ्यासाठी सोडली.

“हाथ तेरा चलेगा, पुत्तर. बस, लोहा मेरा रखना.”

एवढं ऐकूनही मला कळलं नाही? कळलं. तेच तर सांगते आहे — कळलं होतं. पण इतके महिने जपलेला राग असा फुकट कसा घालवायचा?

मी त्यांची डाळ माझ्या ॲल्युमिनियमच्या कुकरमध्ये लावली. आमच्या डाळीतच. शिजली की त्यांच्या कढईत ओतायची, वर झाकण, आणि चालले शेजारी. पहिल्या दिवशी कंटाळा होता. दुसऱ्या दिवसापासून मजा वाटायला लागली.

“लोहे में ही बना है ना?”

“तुमच्याच कढईत, बीजी.”

एकदा त्या म्हणाल्या, डाळ काळपट कशी नाही झाली. मी म्हटलं, कढई फार घासली ना मी. त्यावर त्यांनी माझा हात धरून नखं पाहिली, इतकं घासू नकोस म्हणाल्या. अशी हुशार होते मी.

जेवायच्या आधी त्या डाव्या हाताने बाटा कपाळाला लावायच्या. अमृत लोखंडाच्या बाट्यातच तयार करतात, म्हणून प्रत्येक जेवण त्यांना तो दिवस परत देतं, असं सांगायच्या. लोखंड गुरूंचं, खाताना माणूस स्वतःला विसरतो, लोखंड विसरू देत नाही. आणि मी समोर उभी — तोंडावर पदर, आत हसू. दीड महिना.

प्लॅस्टर निघालं त्या रविवारी बीजी मला गुरुद्वाऱ्यात घेऊन गेल्या. सगळ्यांना सांगितलं, या मुलीने माझा नेम राखला. माझ्या गळ्यात केशरी कापड घातलं. मी ते घालून घेतलं. पळून जायचं तेव्हा सुचलं, बोलायचं नाही.

परत येताना रिक्षात त्या एक जुनी गोष्ट सांगायला लागल्या. कुणाच्या तरी लग्नात त्या चुकून स्टीलच्या ताटात जेवल्या होत्या. मग अमृत घेतलेल्या पाच जणांपुढे हात जोडून उभ्या राहिल्या, चूक सांगितली. त्यांनी जोडे पुसायची सेवा दिली, ती केली, आणि नेम पुन्हा सुरू झाला. सांगितलं की सुटतं, म्हणाल्या.

म्हणजे वाट होती. पण त्या वाटेवर जायला आधी त्यांना माहीत तर व्हायला हवं — आणि माहीत होतं फक्त मला. रिक्षा घरापर्यंत पोचायला चांगली दहा मिनिटं लागली. मी विचारलं, हात दुखतोय का.

आम्ही बदलापूरला आलो, मग जाणं-येणं तुटलं. काही वर्षांनी बीजी गेल्याचं कळलं म्हणून मी भेटायला गेले. त्यांच्या सुनेने चहा दिला, जवळ बसली. म्हणाली, बीजींनी शेवटपर्यंत नेम सोडला नाही. हात मोडला होता तेव्हासुद्धा एक दिवस चुकला नाही, असं सगळ्यांना सांगायच्या, आणि तुमचं नाव घ्यायच्या.

मी मान डोलावली.