ऐकत असल्याची लेखी कबुली

सत्यशीला मानवटकरला रेल्वेत नोकरी लागली तेव्हा फुलसावंगीत पहिला प्रश्न निघाला, "कोण वारलं?" बाईमाणसाला रेल्वे घेते ती घरचा कोणी कामावर दगावला तरच, अशी गावाची माहिती होती. कोणीही वारले नव्हते. तिने परीक्षा दिली होती आणि ती पास झाली होती. पण हे उत्तर इतके साधे होते की त्यावर कोणाचा विश्वास बसेना. पुढे वर्षभर लोक तिच्या वडिलांकडे जरा काळजीने पाहत असत.

फुलसावंगीला रेल्वे नाही. तिने पहिली गाडी पाहिली ती परीक्षेला जाताना, चोविसाव्या वर्षी. आजोबा छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, तेव्हापासून घरात मुलांची नावे विचार करून ठेवली जात. हे नाव ठेवताना मुलगी शांत, एका जागी बसणारी निघेल असे वडिलांना वाटले असावे. तसे झाले नाही. शाळेत बाईंनी तिला दाराशेजारी बसवले होते, म्हणजे येता-जाता वर्गाला त्रास नको. रेल्वेने या मुलीला झरी जामणी तालुक्यात, जंगलाच्या कडेला, एकतीस नंबरच्या फाटकावर नेमले. तिथे आठ तास जागेवर असणे हेच काम. ड्यूटीच्या तक्त्यात तिच्या नावापुढे 'गेटमन' लिहिलेले असे.

नवरा वणीला पंचायत समितीत कारकून, मुलगी मैत्रेयी तिथेच सहावीत. सत्यशीला आठवड्यातून एकदा घरी जाई. वणी स्टेशनावर बदली मिळावी म्हणून तिने सहा वर्षांपूर्वी अर्ज केला होता आणि दोन हजार सतराच्या यादीत तिचे नाव दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले होते. त्या वर्षात तिच्या डोक्यात दुसरे फारसे काही नव्हते. खोलीपासून दांडे वरखाली करायच्या चाकापर्यंत चौदा पावले होती. ती दिवसातून किती वेळा होतात हे तिने मोजायचे सोडून दिले होते.

फाटकावर एक काळा फोन होता. बाजूची दांडी फिरवली की स्टेशनात मास्तरच्या टेबलावर घंटी वाजे. स्टेशन आणि पाच फाटके यांच्यामध्ये तांब्याच्या तारेची एकच जोडी होती, त्यामुळे कोणीही रिसीव्हर उचलला की बाकीच्यांचे बोलणे त्याला ऐकू येई. घंटी ज्याची त्यानेच उचलायचे, दुसऱ्याची वाजली तर हात लावायचा नाही, असा नियम होता. नियम सगळ्यांना पाठ होता आणि सगळे उचलत.

"मास्तर, मालगाडी कुठं अडली?" तेहतीस नंबरचा नेमसिंग विचारी. हा जवळच्याच तांड्यावरचा. त्याला जगातल्या बहुतेक गोष्टींबद्दल मत होते.

"ब्रेक चिकटले. अर्धा घंटा हलत नाई आता."

"मंग मी भाकर खातो."

"खा. बाकीच्यांनीबी खाऊन घ्या. ऐकून राह्यले असानच सारे."

यावर चार रिसीव्हर अदबीने गप्प राहत.

गाडी सोडण्याआधी मास्तर पाचही फाटके बंद करून घेई. फाटक बंद झाले की फाटकवाल्याने छापील पानावरचा एक दोन आकडी नंबर मास्तरला द्यायचा. नंबर दिला की फाटक गाडीच्या हवाली. मास्तरने तो रद्द केल्याशिवाय दांडा वर जाणार नाही, मग गाडी येवो की न येवो. मालगाडी पुष्कळदा येत नसे. नंबर घेऊन झाल्यावर काही तरी बिघडे, आणि कापसाचे ट्रॅक्टर दोन्ही बाजूंनी उभे राहत. अशा वेळी एक फाटक विचारी आणि उत्तर पाचांना कळे. गाडी स्टेशनातून निघालेलीच नाही हे कानावर आले की सत्यशीला मध्येच बोले, "मास्तर, पाच मिनिटं उघडू का?" मास्तर नंबर रद्द करी, फाटक उघडे, पुन्हा बंद होई, नवा नंबर दिला जाई. या व्यवस्थेची नोंद कोणत्याही पुस्तकात नव्हती. ती अकरा वर्षे चालली.

फोन चांगला होता असे मात्र कोणी म्हणू नये. पावसाळ्यात त्यात नाला वाहत असल्यासारखा आवाज येई, आणि एकदा उंदरांनी तार कुरतडल्यावर चार दिवस सगळा कारभार मोबाइलवर चालला, तोही रेंज असलेल्या झाडाखाली उभे राहून. त्यामुळे सप्टेंबरात इंटरनेटवर चालणारे नवे फोन आले तेव्हा आनंदच झाला. रुळांच्या कडेने बारीक फायबर केबल पुरली गेली. खोलीत चार हिरवे दिवे असलेली पेटी बसली, शेजारी तारीख-वेळ दाखवणारा फोन. विभागातून इंजिनिअर चंद्रशेखर हरदास लॅपटॉप घेऊन आले. तिसऱ्या पिढीचे नोकरदार, सभ्य गृहस्थ.

"आता प्रत्येक फाटकाचं बोलणं स्वतंत्र," ते म्हणाले. "तुमचं दुसरं कोणी ऐकणार नाही."

त्यांनी हे भेट दिल्यासारखे सांगितले. सत्यशीला "बरं" म्हणाली.

आवाज इतका स्वच्छ की मास्तरने चहाचा घोट गिळलेला कळे. पण पहिल्या आठवड्यात तिने सवयीने पंचवीस-तीस वेळा रिसीव्हर उचलला आणि तिला एकसारखा सूर ऐकू आला. ती खोलीतून चाकाकडे, चाकाकडून खोलीत अशी फिरत राहिली. शेवटी तिने फोन बिघडल्याची तक्रार केली. फोन-सिग्नलच्या दुरुस्तीवरचा मेंटेनर बळीराम आठ किलोमीटर चालत आला, पेटी तपासली, फोन लावून पाहिला.

"चालू हाये, ताई."

"मंग कोणी बोलून काहून नाई राह्यलं?"

"बोलून राह्यले. तुमच्याशी नाई."

ऑक्टोबरच्या नऊ तारखेला दुपारी एकला मास्तरने फाटक बंद करायला सांगितले. तिने बंद केले, नंबर दिला. एक वीसला यायची गाडी दीडपर्यंत आली नाही. तेवढ्यात जंगलाकडच्या बाजूने एक ऑटो येऊन दांड्याशी थांबला. मागे भुरीबाई नावाची बाई नवऱ्याला मांडीवर घेऊन बसली होती. तो सकाळपासून कपाशीवर फवारणी करत होता. तोंडाला फेस, कपडे घामाने चिंब, आणि डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. त्या वर्षी जिल्ह्यात फवारणीची विषबाधा ओळखायला डॉक्टर लागत नव्हता.

"उघड वो बाई," भुरीबाई म्हणाली. "गाडी तं दिसून नाई राह्यली."

सत्यशीलाने मास्तरला फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. गाडी कुठे आहे हे पाचही फाटके एकाच वेळी विचारत होती. एकाला उत्तर मिळत होते आणि चौघांना सूर. तिने मोबाइल घेऊन झाडाखाली धाव घेतली. मास्तरचा तोही लागला नाही. ती चाकाशी गेली, हात ठेवला, परत आली. गाडी निघाली असेल तर वळणापलीकडून फाटकावर यायला तिला तीन मिनिटे लागतात. निघाली नसेल तर अर्धा दिवस आहे. यातले कोणते खरे, हे सांगणारी वस्तू खोलीत चार हिरवे दिवे लावून बसली होती.

"माणूस मरून राह्यला अन् तू फोन फोन काय खेळतं?" ऑटोवाला म्हणाला.

त्याचे चूक नव्हते. तिने पुन्हा मास्तरला फोन लावला.

चोवीस मिनिटांनी पलीकडच्या बाजूला एक रिकामा पिकअप येऊन उभा राहिला. तिने रूळ ओलांडले.

"गाडी वळव. पांढरकवड्याले एक पेशंट न्यायचा हाये."

"मी तिकूनच तं आलो. उलटा काहून जाऊ?"

"पुढं फाटक बंद हाये. कधी उघडन मलेच माहीत नाई. उभं राहाचं का जाचं, तू सांग."

ड्रायव्हरने बंद दांड्याकडे पाहिले, मग ऑटोकडे, आणि पिकअप वळवला. ऑटोवाला, भुरीबाई आणि सत्यशीला यांनी नवऱ्याला ताडपत्रीत घालून पायवाटेच्या छोट्या दारातून पलीकडे नेले. पायी माणसाला बंदी नाही, एवढी सवलत नियमात आहे.

गाडी दोन वाजून दहा मिनिटांनी आली. फाटक बंद होते त्या सत्तर मिनिटांपैकी पन्नास मिनिटे ती स्टेशनातच उभी होती. जुना फोन असता तर फाटक पावणेदोनच्या आत दोनदा उघडून झाले असते.

भुरीबाईचा नवरा वाचला. बारा दिवसांनी घरी आला, पण उजव्या हाताची पकड गेली ती परत आली नाही. विषाने गेली की चोवीस मिनिटांनी, हे कोणी सांगू शकत नव्हते आणि सत्यशीला सोडून कोणी विचारतही नव्हते.

तिने अर्ज केला: सर्व फाटकांना एकदम ऐकू येईल अशी सोय करावी. आठ दिवसांत उत्तर आले, अशी सोय पूर्वी अस्तित्वात नव्हती, सबब गरज सिद्ध करावी.

बळीराम पेटीवरची धूळ पुसायला आला असताना तिने त्याला ते दाखवले.

"सिद्ध कराचं म्हंजे तुमी अकरा वर्सं दुसऱ्याचे फोन ऐकत होत्या हे लिहून द्या लागन," तो म्हणाला. "तो गुन्हा हाये. अन् बदलीची यादी महिन्याभरात निघून राह्यली."

"माहीत हाये."

"दोन महिने थांबा ना. वणीले गेल्यावर लिहा."

"वणीले गेल्यावर मले कायले लागते ते?"

तीन रात्री तिला नीट झोप लागली नाही. चौथ्या दिवशी सकाळी तिने नेमसिंगला नव्या फोनवर, खासगीत, सांगितले.

"आमाले कायले गुंतवतं, ताई?"

"तुमचं नाव नाई घेत. माझंच लिहितो."

तिने लिहिले: "मी, सत्यशीला मानवटकर, गेट क्रमांक एकतीस, गेली अकरा वर्षे नियमाविरुद्ध इतरांचे बोलणे फोनवर ऐकत आले आहे. त्यावरून गाडीचा ठावठिकाणा समजत असे आणि मास्तरांच्या परवानगीने फाटक उघडता येत असे. आता समजत नाही. दिनांक नऊ रोजी एक रोगी चोवीस मिनिटे थांबला." तिने ते दोनदा वाचले आणि सही केली.

विभागाच्या कचेरीत हरदास साहेबांनी कागदातल्या एका ओळीवर बोट ठेवले.

"मानवटकरबाई, 'ऐकत आले' हे काढता येईल. मी वेगळा मसुदा देतो."

"काढलं तं गरज कुठून सिद्ध होते, सायेब?"

साहेब खोटे बोलणारे गृहस्थ नव्हते. कागद पुढे गेला. दोन दिवसांनी त्याच फायलीत तेहतीस नंबरहून दुसरा कागद आला. त्यात एकच वाक्य होते: "एकतीसच्या बाई ऐकत होत्या हे खरे आहे, कारण मी बोलत होतो."

दोघांनाही लेखी ताकीद मिळाली. यादी निघाली तेव्हा वणीला पहिले नाव गेले, तिसरे नाव गेले. दुसऱ्यापुढे 'प्रलंबित' होते.

"झालं समाधान?" नवऱ्याने फोनवर विचारले.

"नाई. आता मैत्रेयीले दे."

डिसेंबरात हरदास साहेब पुन्हा लॅपटॉप घेऊन आले आणि वीस मिनिटांत पाचही फाटके आणि स्टेशन एका गटात जोडून दिले. यंत्रणेला हे पहिल्या दिवसापासून करता येत होते, असे त्यांनी स्वतःहून सांगितले. सगळे बोलणे आता रेकॉर्ड होणार होते. परिणाम असा झाला की पहिले पंधरा दिवस लाइनवर प्रत्येक जण बातम्या वाचल्यासारखा बोलला. नेमसिंगने भाकर खाण्याचा उल्लेख टाळला. सत्यशीला रिसीव्हर कानाशी धरून उभी राही, खाली ठेवी, दाराशी जाई, परत येऊन उचली.

जानेवारीत एका दुपारी दोन वाजता पाचही फाटके बंद होती. झरीकडून एक जीप येऊन हॉर्न वाजवू लागली. मागच्या बाजूला कोणी तरी आडवे होते, कोण ते दिसत नव्हते. सत्यशीलाने बटण दाबले, पण तिच्या आधीच आवाज आला.

"तेहतीस बोलतो. गाडीची स्थिती कळवावी."

"गाडी स्टेशनात उभी आहे. पंधरा मिनिटे सुटणार नाही."

"मास्तर, एकतीस. उघडू?"

"नंबर रद्द. उघडा."

ती चौदा पावले धावली. जीप गेली. ड्रायव्हरने मान वळवून पाहिलेदेखील नाही. त्याच्या दृष्टीने हॉर्न वाजवला की फाटक उघडते, ही रीतच होती. तिने दांडे खाली घेतले, मास्तरला नवा नंबर दिला आणि वहीत लिहिले: उघडले १४.०६, बंद १४.०९.