भाऊंनी मागवलेली पेटी

डब्यातलं वरण, भात, भाजी, लोणचं आमचे भाऊ सगळं एकत्र कालवून खायचे. कोणी तोंड वाकडं केलं की म्हणायचे, "पोटात जाऊन एकच होते ना बाप्पा!" भिलाईतल्या एका खासगी टेलिफोन कंपनीत ते ट्रान्समिशनचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली. दोघंही मूळचे विदर्भातले, त्यामुळे माझ्याशी ते घरच्याच बोलीत बोलत.

आमच्या खोलीत दोन कपाटं होती. एक फायबरमधून प्रकाश धाडणारं, दुसरं डेटाची पॅकेटं वाटणारं. माणसंही तशीच दोन गटांत विभागलेली. जवळच्या रसमडा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांची लाइन बंद पडली की दोन्ही गट एकमेकांकडे बोट दाखवत. भाऊ कातावत. "एका घरात दोन चुली कावून?" दोन्ही कामं एकटी करणारी पेटी निघाल्याचं कळताच वरिष्ठांच्या मागे लागून त्यांनी ती मागवली.

डेटाच्या कपाटावर ठेक्यानं काम करणारा साहू घाबरला. हुडको कॉलनीत तो भाऊंच्या शेजारीच राहायचा. "भैया, नौकरी तो रहेगी ना?" भाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तेरे को कोई नहीं निकालेगा. मेरी जबान है."

पेटी नामी निघाली. इतकी, की तिच्यावर रायपूरच्या ऑफिसातूनच नजर ठेवता येऊ लागली. साहूचा ठेका संपवला गेला. भाऊ वर जाऊन भांडले, शेवटी हातही जोडले. साहेब म्हणाले, "कम आदमी में काम होगा, ये आपने ही तो समझाया था."

साहू रसमड्यात एका गेटवर चौकीदार झाला. भाऊ दर रविवारी त्याला भेटायला जात. एकदा मीही गेले. साहूनं स्टूल पुसून दिलं, चहा मागवला, आणि भाऊंना "सर" म्हणाला. परतताना भाऊ स्कूटरवर इतकंच बोलले, "शिवी दिली असती त बरं झालं असतं."

पुढे त्यांनी राजीनामा दिला आणि ते अमरावतीला मुलीकडे गेले. माझी बदली रायपूरला झाली. भिलाईच्या त्या खोलीला आता कुलूप आहे.

अधूनमधून भाऊंचा फोन येतो. तब्येत, पोरंबाळं काही नाही, एकच चौकशी. "पेटी बरोबर चालून राहिली ना, पोरी?"

"हो भाऊ. एकदाही बंद नाही पडली."

भाऊ फोन ठेवून देतात.